काळी रेघ आणि सुईची गाठ : आर्मेनियन दागिन्यांविषयी

बोलायला सुरुवात करण्याआधी तीन वस्तू मी पहिल्या रांगेत देते आहे. हातात घेऊन बघा, उलटून बघा आणि मागे सरकवा. घाई नाही, तासभर आहे आपल्याकडे. पहिली वस्तू म्हणजे चांदीची एक चौकोनी पट्टी, आगपेटीच्या साधारण निम्म्या आकाराची. तिच्यावर काळी वेलबुट्टी आहे. दुसरं आहे डाळिंबाच्या आकाराचं लोलक. आणि तिसरी वस्तू, दोऱ्याची कानातली. हो, दोऱ्याचीच. धातू फक्त कानात अडकवायच्या आकड्यापुरता. यांतल्या दोन वस्तू मला 'आर्मेनियन परंपरेतल्या' म्हणून विकल्या गेल्या. तिसरी विकताना आर्मेनियन हा शब्दही कोणी उच्चारला नाही. ती कुठली, ते ओघात येईलच.

आधी देश कुठे आहे ते बघू, कारण या विषयात अर्धा गोंधळ नकाशाचाच असतो. आजचं आर्मेनिया हे काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मधल्या डोंगराळ भागातलं छोटं प्रजासत्ताक. क्षेत्रफळ सुमारे 29,700 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक दशांशाहूनही किंचित कमी. लोकसंख्या 30 लाखांच्या आसपास. पण आर्मेनियन लोक शतकानुशतकं जिथे राहिले तो प्रदेश याच्या कितीतरी पट मोठा होता, आणि त्याचा मोठा भाग आज तुर्कस्तानात आहे. येरेवानमधून समोर दिसणारा अरारात पर्वत, जो आर्मेनियाच्या राजमुद्रेवर आहे, तोसुद्धा सीमेपलीकडे आहे. सोनारकामाची जी जुनी नावाजलेली गावं, त्यातलं वान तुर्कस्तानात, करिन म्हणजे आजचं एर्झुरुम तेही तुर्कस्तानात, अखलत्सिखे जॉर्जियात. आजच्या आर्मेनियाच्या हद्दीतलं मोठं नाव म्हणजे ग्युमरी. तेव्हा 'आर्मेनियन दागिना' असं म्हणताना तो आर्मेनियात झालेला असेलच असं धरून चालायचं नाही.

तुमच्या हातात फिरणारी ती चांदीची पट्टी म्हणजे एका कमरपट्ट्याची एक कडी आहे. अशा बारा-पंधरा पट्ट्या बिजागरीसारख्या एकमेकींत अडकवायच्या आणि पुढे एक भलं मोठं बक्कल, की झाला पट्टा. आर्मेनियन बायकांच्या पारंपरिक वेशात सगळ्यात महत्त्वाचा दागिना कोणता असं विचारलं तर मी डोळे मिटून पट्टा म्हणेन. गळ्यातलं नव्हे, कानातलं नव्हे. आणि गंमत बघा, आर्मेनियनमध्ये पट्ट्याला एक शब्द आहे 'कमार'. त्याचा दुसरा अर्थ इमारतीची कमान. हा शब्द इराणी भाषांतून तिकडे गेला, आणि फारसीतूनच 'कमर' आपल्याकडे आली. म्हणजे आपला कमरपट्टा आणि त्यांचा कमार एकाच घरचे. चांदीला ते म्हणतात 'आर्त्सात'. आपलं 'रजत' आणि हे 'आर्त्सात' एकाच मुळापासून निघालेले शब्द आहेत, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. ऐकायला तसं वाटत नाही, मान्य आहे.

हा पट्टा लग्नात यायचा. आपल्याकडे मंगळसूत्राने जे काम केलं, त्यातलं बरंचसं काम तिथे पट्टा आणि त्याच्याबरोबरचा कमरेचा एप्रन करायचा. बाई विवाहित आहे हे एका नजरेत कळायचं. वरपक्षाची ऐपतही त्याच नजरेत कळायची, कारण चांदीचं वजन लपत नाही. शिवाय कपाळावर नाण्यांची माळ असे. हातात बांगड्या, आणि पोरांच्या अंगावर निळा मणी, दृष्ट लागू नये म्हणून. त्याला ते 'डोळ्याचा मणी' असंच म्हणतात. प्रवासाला निघणाऱ्या माणसाकडे 'हमाइल' असे. हाताच्या रुंदीचा पण खूप लांब असा कागद, त्यावर प्रार्थना आणि संतांची चित्रं, गुंडाळी करून जवळ बाळगायचा. आपला ताईतच म्हणा, फक्त आतला मजकूर गजभर. लग्नात चर्चमध्ये वरवधूंना लाल-हिरव्या पिळाचा दोरा बांधतात, तो 'नारोत'. गाठीवर मेण लावून क्रुसाचा शिक्का उठवतात आणि काही दिवसांनी पाद्री तो सोडवतो. दोन दमड्यांचा दोरा, पण पट्ट्याइतकाच पक्का.

कपाळावरच्या नाण्यांकडे नीट बघायला हवं. ती नाणी खरी असायची, चलनातली. म्हणजे दागिना हा अंगावरचा गल्ला होता. 'अडीअडचणीला उपयोगी पडेल' हे वाक्य आपल्या आज्या ज्या सुरात म्हणायच्या, त्याच सुरात तिथल्याही म्हणत असणार. ही अडचण केवढी मोठी निघाली, ते थोड्या वेळाने.

आता एक फाटा फोडते, पण तो आपल्या गल्लीतून जाणारा आहे. खेड्यापाड्यातल्या या चांदीकामात मौल्यवान खडे फारसे दिसत नाहीत. खड्यांचा व्यवहार करणारे आर्मेनियन वेगळे होते. इराणच्या शाह अब्बासने 1604-05 च्या सुमारास जुल्फा गावच्या आर्मेनियनांना उठवून इस्फहानजवळ वसवलं. त्या नव्या जुल्फातले व्यापारी रेशीम, कापड आणि रत्नं घेऊन जगभर फिरले, आणि हिंदुस्थान त्यांचं मुख्य ठिकाण होतं. होव्हान्नेस नावाच्या अशाच एका व्यापाऱ्याची 1682 ते 1693 या काळातली हिशेबाची वही आज उपलब्ध आहे. त्यात सुरत आहे, आग्रा आहे, थेट ल्हासा आहे. मुंबईत फोर्टमध्ये नगीनदास मास्टर रोडवर, म्हणजे जुन्या मेडोज स्ट्रीटवर, 1796 साली बांधलेलं सेंट पीटर आर्मेनियन चर्च अजून उभं आहे. नगीना म्हणजे अंगठीतला खडा, आणि रत्नांच्या व्यापाऱ्यांचं चर्च नगीनदास रस्त्यावर, हा निव्वळ योगायोग. त्यावर कोणी प्रबंध लिहू नका. (हशा)

परत पट्ट्याकडे. त्यावरचं काळं नक्षीकाम नखाने चाचपून बघा. नख अडकतं का? अडकत नाही. काळा भाग आणि चांदीचा भाग अगदी सपाट, एका पातळीत आहेत. याला युरोपात निएलो म्हणतात, तुर्कीत 'सवात'. सवात हा शब्द अरबीतल्या काळेपणाच्या शब्दावरून आला. आर्मेनियनमध्येही काळ्याला 'सेव' म्हणतात, म्हणून तो त्यांच्या कानाला घरचाच वाटत असावा. वान शहर या कामासाठी इतकं प्रसिद्ध होतं की पट्टे, सिगारेटच्या डब्या, काठीच्या मुठी, सगळ्यावर वानची काळी रेघ ओळखू यायची.

हे करतात कसं? चांदी, तांबं, शिसं आणि गंधक. आधी धातू वितळवायचे, मग त्यात गंधक. धूर असा निघतो की खोलीत थांबवत नाही. तो विषारी असतो, घरी करून बघू नका. थंड झाल्यावर काचेसारखा ठिसूळ काळा गोळा मिळतो. तो खलात कुटून त्याची पूड करायची, धुवायची, टाकणखार घालून ओलसर लगदा करायचा. इकडे चांदीच्या पत्र्यावर कोरणीने नक्षी खोदलेली असते. त्या खाचांत हा लगदा दाबून भरायचा आणि पत्रा तापवायचा. चांदी वितळते 961 अंशांना; हे मिश्रण त्याच्या बऱ्याच आधी पाझरतं आणि खाचेत बसतं. मग कानस, मग घासणं, मग चकाकी. ऐकायला सोपं. पण खाच उथळ झाली तर कानशीबरोबर काळं निघून जातं, आणि आच जास्त झाली तर काळ्यात बुडबुडे धरतात. शिवाय शिसं चांदीला खायला उठतं, पत्र्याला खड्डे पडतात. मिश्रणातलं प्रमाण घराघराचं वेगळं असे आणि ते घराबाहेर जात नसे.

आपल्याकडे बिदरी आहे, ती डोळ्यांसमोर आणा म्हणजे फरक कळेल. बिदरीत जमीन काळी आणि त्यात चांदी ठोकून बसवलेली. इथे उलट, जमीन चांदीची आणि काळं आत भरलेलं. आणि आपण प्रदर्शनांतून 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून जे झुमके घेतो, ते तिसरंच. त्यात गंधकाच्या द्रावणात बुडवून वरवर काळेपणा आणलेला असतो, उंचवटे पुसून घेतात आणि खोलगट भागात काळं राहतं. ते वर्षभरात विटतं. तुमच्या हातातली पट्टी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिची रेघ बघा.

हे काम एकट्याचं नव्हतं. कोरणारा वेगळा, भरणारा वेगळा, तार ओढणारा वेगळा. वर कारागिरांचा संघ असे. त्याला आर्मेनियनमध्ये 'हमकार' म्हणत, फारसीतला 'हम' आणि 'कार', बरोबरीने काम करणारे. पोरगा दहा-बारा वर्षांचा असताना उस्तादाकडे यायचा, वर्षानुवर्षं भाता ओढायचा, मग कुठे कोरणी हातात. ऑटोमन शहरांतल्या कारागीर संघांत शिकाऊ पोरगा उस्ताद झाला की सगळ्यांसमोर त्याच्या कमरेला वस्त्र बांधण्याचा विधी असे. म्हणजे पट्टा घडवणाऱ्यालाही मान मिळायचा तो कमरेलाच.

वानबद्दल आणखी एक गोष्ट माहितीपत्रकांत हमखास असते. ख्रिस्तपूर्व नवव्या ते सातव्या शतकात वान ही उरार्तू राज्याची राजधानी होती, आणि उरार्तूच्या थडग्यांत कांस्याच्या पातळ पत्र्याचे, सिंह आणि रथ कोरलेले सुंदर पट्टे सापडतात. हे खरं आहे. त्यावरून 'अखंड तीन हजार वर्षांची पट्ट्यांची परंपरा' असं छापतात, ते मात्र मला पटत नाही. मधल्या हजारो वर्षांत त्या गावातून किती राज्यं, किती भाषा, किती फॅशनी गेल्या. जागा एक म्हणून हात एक होत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कारागिराचं कौतुक करायला उरार्तूच्या कुबड्या कशाला?

तर आता 1915. मी लांबण लावणार नाही, पण हे टाळून या विषयावर बोलता येत नाही. पहिल्या महायुद्धात ऑटोमन सरकारने आर्मेनियनांची हद्दपारी आणि कत्तल सुरू केली. 10 लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं मारली गेली किंवा वाळवंटाच्या वाटेवर उपासमारीने मेली, असं बहुतेक इतिहासकार मानतात. वानमध्ये आर्मेनियनांनी एप्रिल-मे महिन्यांत शहर लढवलं, रशियन फौज आली, पण उन्हाळ्यात ती मागे हटली आणि तिच्याबरोबर वानचे आर्मेनियन घरदार सोडून पूर्वेकडे, आजच्या आर्मेनियाच्या बाजूला निघाले. वाटेत आणि पोचल्यावर साथींनी हजारो माणसं गेली.

सोनाराच्या नजरेने या स्थलांतराकडे बघा. बाईच्या अंगावर पट्टा आहे, कपाळावर नाणी आहेत. हीच ती अडीअडचण. वाचलेल्या लोकांच्या आठवणींमध्ये हे पुन्हा पुन्हा येतं: नाणी कपड्यात शिवली, गिळली, पहारेकऱ्याला दिली, भाकरीच्या तुकड्यासाठी दिली. पट्टा ही काही लपवता येण्यासारखी वस्तू नव्हे. तो विकला गेला, लुटला गेला किंवा वितळवला गेला. काही पट्टे कडी-कडी सुटे करून विकले गेले. दागिना वाचवायला होता, आणि काही जणींना त्याने खरोखरच वाचवलं. पण वाचवताना तो स्वतः राहिला नाही.

आणि कारागीर? भट्टी पाठीवर घेऊन पळता येत नाही. निएलोला भट्टी लागते, चांदी लागते, चार हात लागतात आणि मुख्य म्हणजे लग्नात पट्टा घेणारं गिऱ्हाईक लागतं. निर्वासितांच्या छावणीत यातलं काय असणार? जे उस्ताद येरेवानला पोचले त्यांनी थोडंफार काम केलं. वान शहरात मात्र ते काम जवळजवळ संपलं. अलीकडे तिथे सवात शिकवण्याचे प्रयत्न पुन्हा सुरू आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे, पण शिकवणारे आणि शिकणारे आता वेगळे लोक आहेत.

ती पट्टी मी इस्तंबूलमध्ये एका जुन्या वस्तूंच्या दुकानात घेतली. दुकानदार सज्जन होता, चहा पाजला. म्हणाला, 'ऑटोमन पट्टा, उत्तम काम.' मागच्या बाजूला सुलतानाच्या तुघ्र्याचा शिक्का आहे आणि अरबी लिपीत 'वान' असं आहे. तो खोटं बोलत नव्हता, ऑटोमन राज्यातच झालेली वस्तू आहे. पण वानमधले सोनार बहुतांशी आर्मेनियन होते, हे त्याला माहीत असणारच. मी विचारलं नाही. आजही मला वाटतं, विचारायला हवं होतं.

सगळंच तुटलं असं नाही. ग्युमरीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथले लोक आधीच निघाले होते. 1828-29 च्या रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर करिनचे हजारो आर्मेनियन रशियाच्या हद्दीत आले, अखलत्सिखे आणि ग्युमरीत वसले. संबंध पेठच्या पेठ उठून आली म्हणा ना. उस्ताद, हत्यारं, गिऱ्हाईक, सगळं बरोबर. म्हणून त्यांचं तारकाम नव्या जागी रुजलं. तारकाम म्हणजे ओडिशातल्या कटकची तारकशी तुम्ही पाहिली असेल, तीच जात. चांदीची तार पोलादी पट्टीच्या लहान लहान भोकांतून ओढत केसासारखी बारीक करायची. अशा दोन तारांना पीळ द्यायचा आणि तो पीळ दाबून चपटा करायचा. कडेला बारीक दाते पडतात. चमक सगळी त्या दात्यांत असते. मग चिमट्याने वळवून जाड तारेच्या चौकटीत बसवायची, चांदीचा कीस आणि टाकणखार भुरभुरवून फुंकणीने आच द्यायची. जोड वितळला पाहिजे, तार वितळता कामा नये. दोहोंतलं अंतर काही क्षणांचं. 7 डिसेंबर 1988 ला त्या भागात भूकंप झाला, सुमारे 25,000 माणसं गेली, ग्युमरी अर्धं आडवं झालं. तरीही ते गाव आजसुद्धा कारागिरांचंच म्हणून ओळखलं जातं. तिथल्या लोहारकामाची 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली.

आता दोऱ्याची कानातली कोणाकडे आहेत? तिसऱ्या रांगेत. बरं. हे माझं सगळ्यात आवडतं.

याला सुईची लेस म्हणतात. साधी शिवणाची सुई आणि दोरा. क्रोशाची आकडी नाही, विणकामाच्या सुया नाहीत, चौकट नाही. दोऱ्याच्या फासात सुई घालून गाठ, त्या फासावर पुढचा फास, पुन्हा गाठ. असं करत वर्तुळं, त्रिकोण, फुलं हवेत उभी राहतात. पूर्वी ही लेस रुमालाच्या, ओढणीच्या काठाला असे. क्रोशा करणाऱ्या बायका इथे असतील, त्यांना मी एक सांगते. क्रोशाचं टोक सुटलं आणि ओढलं तर सगळं भराभर उसवत जातं. इथे प्रत्येक टाका ही पक्की गाठ आहे. मधला एक दोरा कापला तरी तेवढीच जागा फाटते, बाकीचं तसंच राहतं.

1915 नंतर अनाथालयं उघडली. एकट्या ग्युमरीत, तेव्हाचं नाव अलेक्सान्द्रोपोल, अमेरिकन मदतसंस्थेच्या अनाथालयांत 20,000 हून जास्त मुलं होती. बैरूत, अलेप्पो, अथेन्स इथेही. मुलींच्या हातात सुई दिली गेली आणि त्यांनी केलेली लेस आणि भरतकाम परदेशात विकून खर्चाला हातभार लागला. ज्यांच्या आया गेल्या होत्या अशा मुलींना दुसऱ्या गावच्या बायकांनी शिकवलं. त्यामुळे गावोगावचे नमुने एकमेकांत मिसळले. मराशचं भरतकामही असंच पसरलं. त्यात आधी कापडावर धाग्यांचा सांगाडा घालतात आणि मग दुसरा धागा कापडाला न टोचता त्या सांगाड्यातून खाली-वर विणत नेतात. भरतकाम केलेल्यांनी आत्ता मान डोलावली, कारण कच्छी कामातला सिंधी टाका तो हाच. कोणी कोणाकडून घेतला यावर भांडत बसण्यात मला रस नाही. धागा असा विणता येतो हे सापडायला बोटं आणि वेळ, एवढंच लागतं.

म्हणजे जड, मानाचा, चांदीचा पट्टा गेला, आणि बायका फावल्या वेळात करायच्या ती लेस राहिली. आज येरेवानच्या आणि परदेशातल्या मुली त्याच गाठींची कानातली, हार, अंगठ्या करतात. रुमालाच्या काठावरून ती कानात आली, गाठ तीच आहे. 'परंपरेवरून प्रेरित' हे शब्द मला कुठे शोभतात असं विचाराल, तर इथे.

आणि कुठे शोभत नाहीत? आता ते डाळिंब बघा. येरेवानमध्ये प्रजासत्ताक चौकाजवळ व्हेर्निसाज नावाचा उघड्यावरचा बाजार भरतो. सोव्हिएत काळात मौल्यवान धातूंचं खाजगी काम कायद्याने जवळपास बंद होतं, दागिने कारखान्यात व्हायचे. 1980 च्या दशकात चित्रकारांनी बागेत चित्रं मांडायला सुरुवात केली, त्यातून हा बाजार वाढला. गालिचे, लाकूडकाम, ज्वालामुखीच्या काळ्या काचेचे म्हणजे ऑब्सिडियनचे मणी (आर्मेनियात हा दगड मुबलक, अश्मयुगापासून त्याची हत्यारं होत), आणि चांदीचे दागिने ओळीने. बहुतेकांवर तीन-चार चिन्हं. डाळिंब, सुफलतेचं. फिरत्या चक्रासारखं अनंताचं चिन्ह, जे मध्ययुगीन क्रूसशिळांवर कोरलेलं दिसतं. अरारात. आणि अक्षरं.

अक्षरांचं मला मनापासून कौतुक आहे. मेस्रोप माश्तोत्स या धर्मगुरूने 405 च्या सुमारास 36 अक्षरांची लिपी रचली. दोन पुढे वाढली. जुन्या हस्तलिखितांत पक्ष्यांच्या आकाराची अक्षरं काढत, चोच वळवून, पंख पसरून. येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात ती बघताना पाय निघत नाही. आपल्या नावाचं पहिलं पक्षी-अक्षर गळ्यात घालणं ही नवी रीत आहे, जुन्या पट्ट्यांच्या काळातली नाही, पण ज्या लोकांचं गावच राहिलं नाही त्यांनी अक्षर गळ्यात बांधावं, यात मला काही उसनं वाटत नाही. तसंच निळ्या-जांभळ्या 'विसरू नकोस' फुलाचं. 2015 मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा ते स्मृतिचिन्ह ठरलं, आणि त्याच्या पिना आजही कोटावर दिसतात.

माझी तक्रार डाळिंबाच्या पाठीबद्दल आहे. लोलक उलटा करा. विकणाऱ्याने ते हाताचं तारकाम म्हणून दिलं आणि मी, इतकी वर्षं चांदीत बोटं काळी करून, ते घेतलं. मुक्कामावर आल्यावर भिंग लावलं. मागे तार नाहीच. तारेसारखा दिसणारा एक सलग पृष्ठभाग आहे, कडेचे दाते गुळगुळीत, जोडाच्या जागा नाहीत. रबरी साच्यात मेण, मेणावरून ओतकाम, एका दिवसात शंभर. ओतकाम हा काही गुन्हा नव्हे. पण त्याच बाजारात चार पावलांवर एक म्हातारे गृहस्थ खरं तारकाम घेऊन बसले होते. त्यांच्या कानातल्यांवर डाळिंब नव्हतं, अक्षर नव्हतं, नुसती वेटोळी होती. किंमत तिप्पट. लोक बघायचे आणि डाळिंबाकडे जायचे. मीही तेच केलं होतं. चिन्ह लांबून दिसतं, हात जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आणि तिप्पट किंमत कोणी दिली नाही तर त्यांच्याकडे शिकायला कोण येणार?

म्हणून घ्यायचं असेल तर उलटून बघा. तारकामात मागे पिळाचे दाते आणि जोड दिसले पाहिजेत. काळं काम नखाला सपाट लागलं पाहिजे. लेस असेल तर एक फास सुईने हलवा, सरकला तर ती गाठ नव्हे. विकणाऱ्याला चिन्हाचा अर्थ विचारू नका, तो सगळे पाठ सांगतात. हे करायला किती वेळ लागला, एवढं विचारा. ज्याने केलंय तो तासांत सांगतो.

प्रश्न आला आहे, घरात आजीची चांदीची जुनी वस्तू आहे, काळ्या नक्षीची, ती साफ कशी करायची? चांगला प्रश्न. बाजारात मिळतं त्या चांदी उजळायच्या पाण्यात बुडवू नका, काळी रेघ खराब होते. मऊ सुती फडकं पुरे. आणि मोडली तर सोनाराकडे देताना एक नक्की सांगा, यात शिसं असू शकतं, आच देऊ नका. सांगितलं नाही तर तो चांगल्या मनाने फुंकणी मारेल आणि शिसं चांदीत उतरून तुकड्याची चाळण होईल.

कानातली परत आली, डाळिंबही आलं. पट्टी अजून कोणाकडे आहे?